परतीच्या आदल्या दिवशी

परदेशाला निघण्याच्या दिवसाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. हार, नारळ, हातावरचे दही, दारात उभ्या राहिलेल्या आयाबायांचे भरलेले डोळे आणि आयत्या वेळी न सापडणारा पासपोर्ट, यांतले काही छापायचे राहिलेले नाही. परतीच्या आदल्या दिवसाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. तो दिवस नुसता सामान बांधण्याचा, वजन करण्याचा आणि वजन जास्त भरले म्हणून एकमेकांवर चिडण्याचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझीही होती.

आमची युरोपची वारी या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आता पाठ झाली असेल. युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटर उंचीवर हिने उघडलेला दशम्यांचा डबा, पॅरिसला आयफेल टॉवरखाली मी हरवलेली टोपी, रोमला कारंज्यात नाणे टाकावे की टाकू नये यावरून झालेला आमचा वाद, हे सारे येऊन गेले. राहिला होता तो शेवटचा दिवस. तो मी मुद्दाम दिवाळी अंकासाठी मागे ठेवला, असे म्हणालो तर संपादक खूश होतील. पण खरे सांगायचे तर तो लिहावा की लिहू नये, हेच इतके दिवस ठरत नव्हते. परवा चकलीचा सोऱ्या हातात घेऊन बसलो असता हीच म्हणाली, "लिहा की! त्यात लाजायचे काय आहे?" म्हणून लिहितो. सोऱ्या माझ्या हातात कसा आला, तेही ओघाने येईलच.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. आम्ही बेलापूरचे. बेलापूर म्हटल्याबरोबर मुंबईकर म्हणतात, "म्हणजे वाशीच्या पुढे ना?" ते बेलापूर निराळे. आमचे बेलापूर नगर जिल्ह्यातले, २०२४ पासूनच्या नावाने सांगायचे तर अहिल्यानगर जिल्ह्यातले, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी वसलेले. रेल्वेवाल्यांनी दौंड-मनमाड मार्गावर आमच्या गावाच्या नावाचे स्टेशन केले खरे, पण ते बांधले गावापासून दोन कोसांवर. पुढे त्या स्टेशनाभोवती श्रीरामपूर शहर वाढले. त्यामुळे बेलापूर स्टेशनावर उतरलेल्या माणसाला बेलापुरात यायला आणखी एक वाहन करावे लागते! जन्मभर हा अनुभव घेतलेल्या माणसाला जगातल्या कुठल्याही स्टेशनाचे भय वाटू नये. पण मला वाटत असे. हिला वाटत नव्हते, हे मला त्या दिवशी कळले.

आमचा मुक्काम चिरंजिवांकडे होता. फ्रँकफुर्टच्या पश्चिमेला, टाउनुस डोंगराच्या पायथ्याशी हॉफहाइम नावाचे गाव आहे. तिथून उपनगरी गाडीने फ्रँकफुर्टला जायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. व्हिसाचा नियम असा, की १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि पोचल्याचा व निघाल्याचा, हे दोन्ही दिवस हिशेबात धरतात. आम्ही ८८ दिवस काढले. बेलापूरहून नेलेले कालनिर्णय हिने चिरंजिवांच्या स्वयंपाकघरात लावले होते आणि त्यावर रोज रात्री एक फुली मारायची, असा नेम होता. त्या फुल्यांखाली पोळा गेला, गणपती गेले, गौरी गेल्या. पितृपक्ष लागला आणि आमच्या परतीच्या तिकिटाची तारीख आली.

त्या तारखेच्या दोन दिवस आधी, रात्री जेवणे झाल्यावर चिरंजिवांनी विषय काढला. विषय काढण्याची त्याची रीत लहानपणापासून एकच आहे. आधी पाण्याचा पेला सरळ रेषेत ठेवायचा आणि मग बोलायचे.

"बाबा, बेलापूरच्या घराचे काय करायचे? तुम्ही बहात्तर, आई सदुसष्ट. एवढे मोठे घर, तो जिना, ती विहीर. रात्री-बेरात्री काही झाले तर धावून यायला मी इथे. गिऱ्हाईक चांगले आहे म्हणता, तर घर देऊन टाका. पुण्याला लहानसा ब्लॉक घेऊ. वर्षातून तीन महिने इकडे येत जा."

बोलणे चुकीचे नव्हते. मी "बघू" म्हणालो. 'बघू' हा शब्द आमच्या घरात पस्तीस वर्षे मीच वापरत आलो आहे आणि त्याचा अर्थ बहुधा 'हो' असाच होत आला आहे. हिने भांडी उचलली. कोणी हिला विचारले नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आले नाही.

आता तो दिवस. सकाळी साडेआठाला चिरंजीव आणि सूनबाई आपापल्या कामावर गेली. नातू आठ वर्षांचा. तो दप्तर पाठीला लावून एकटाच चालत शाळेत गेला. तिकडे एवढाली मुले एकटी शाळेत जातात, ह्याचे हिला पहिले पंधरा दिवस नवल वाटे आणि नंतर कौतुक. मी ताणकाटा काढला. माणशी तेवीस किलोची मर्यादा होती आणि जन्म प्रयोगशाळेत गेलेल्या माणसाला तेवीस म्हणजे तेवीसच. एवढ्यात ही बाहेर जायचे पातळ नेसून, वर सूनबाईचा कोट घालून समोर उभी.

"अहो, मी जरा गावात जाऊन येते."

"कुठल्या गावात?"

"फ्रँकफुर्टला."

"बरं, एवढे वजन होऊ दे. मग दोघे जाऊ."

"दोघे नाही. मी एकटी जाऊन येते."

मला वाटले थट्टा आहे. बेलापूर ते श्रीरामपूर दोन कोसांचा रस्ता. तो हिने लग्न झाल्यापासून एकटीने कधी ओलांडला नव्हता. आधी मामंजी बरोबर असत, मग धाकटे दीर, मग मुलगा आणि कोणीच नसले तर मी. आणि आता फ्रँकफुर्ट!

"अगं, तुला भाषा कुठे येते?"

"लग्न होऊन वर्ध्याहून तुमच्या घरी आले तेव्हा तुमच्या आईची भाषा तरी मला कुठे येत होती? झालेच ना चाळीस वर्षांत सगळे?"

याला उत्तर नव्हते. मी फोन पुढे केला. तो तिने पुन्हा टेबलावर ठेवला. "फोन नेला तर दर दहा मिनिटांनी विचाराल, कुठे पोचलीस म्हणून. एक वाजेपर्यंत येते. भाताचा कुकर लावून ठेवला आहे, शिटी झाली की बंद करा. आणि तुमच्या त्या साखरेपायी माझ्या लोणच्याच्या बरण्या बाहेर काढू नका."

ही गेली. खिडकीतून पाहिले तर पाठमोरी चालली होती, घाईने नव्हे, देवळाला निघाल्यासारखी.

साखरेचा उल्लेख आला, तो सांगितलाच पाहिजे. मी तिकडच्या दुकानातून एक किलो साखर घेतली होती, बेलापूरला नेण्यासाठी! उसाच्या मुलखात साखर वाहून नेणारा इसम पाहून सूनबाई आठवडाभर हसत होती. पण ती साखर बीटची. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षे उसाचा रस, काकवी आणि मळी तपासली. तिकडे आगगाडीतून जाताना दोन्ही बाजूंना बीटची हिरवी शेते दिसली की माझा जीव खिडकीला चिकटे.

बीटमधली साखर प्रथम ओळखली ती बर्लिनच्या मार्गग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने, १७४७ साली. त्याचा शिष्य आखार्ट याने १८०१ च्या सुमारास सायलेशियात बीटचा पहिला कारखाना काढला. पुढे नेपोलियनच्या लढायांत समुद्रमार्ग अडले, वेस्ट इंडीजची उसाची साखर युरोपात येईनाशी झाली आणि बीटचे नशीब उघडले. आपला आडसाली ऊस दीड वर्ष शेत अडवतो. बीट वसंतात पेरले की सप्टेंबरात काढायला लागतात. शेकडा सोळा-सतरा साखर त्या कंदात असते. आपल्या उसाचा उतारा दहा-अकरा आला की आपण पेढे वाटतो. आणि गंमत अशी, की दोन्ही साखरा एकच. जिभेला फरक कळणार नाही, आमच्या साध्या उपकरणांनाही कळणार नाही. ऊस आणि बीट या दोन वनस्पती हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने घेतात. म्हणून कार्बनच्या हलक्या आणि जड अणूंचे प्रमाण मोजले तरच साखर कुठल्या वंशातली ते उमगते. माणसांचेही पुष्कळदा असेच असते.

तर मी वजन करीत बसलो. दहा वाजता कुकरची शिटी झाली, मी तो बंद केला आणि मोठे काम केल्यासारखा खुर्चीत टेकलो. आमचा प्रवरेकाठ आणि तो देश यांचे नाते साखरेपुरतेच नाही, याचा विचार मनात घोळू लागला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांना पाणी आले आणि आमच्या भागात ऊस डुलू लागला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, आता तो बंद आहे. मग विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना उभा केला. लोणीला १९५० साली त्याची चाके फिरली. ह्या सहकाराचे बी कुठले? ऱ्हाइनच्या खोऱ्यातले! तिकडल्या वेस्टरवाल्ड भागात रायफायझेन नावाचा एक खेड्यांचा कारभारी होऊन गेला, जन्म १८१८ चा. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून त्याने पतपेढ्या काढल्या. मद्रासच्या निकोल्सनसाहेबाने आपल्या अहवालात सरकारला सांगितले, त्याचे सार एवढेच की हिंदुस्थानात असा रायफायझेन शोधा. १९०४ चा आपला सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्यानंतरचा. आजही जर्मनीतल्या गावोगावच्या बँकांवर त्याचे नाव झळकते. ती पाटी पाहून मी दरवेळी मनातल्या मनात नमस्कार करीत असे.

हे सारे आठवून झाले, तरी घड्याळात अकराच वाजले होते.

साडेबाराला मला भूक लागली. कुकर उघडला तर भात आणि वरण तयार. वरणात मीठ घालायचे होते. मीठ कुठे? तीन महिने त्या स्वयंपाकघरात मी रोज तीनदा जेवलो होतो, पण मिठाची बरणी कुठे असते ते मला ठाऊक नव्हते. सात बरण्या उघडल्या. एकीत मीठ वाटले ते पिठीसाखर निघाली, हे मला वरणात घातल्यावर समजले. साखरेची परीक्षा करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याची ही गत!

एक वाजला, दीड वाजला. जेवण तसेच राहिले. खिडकीशी जावे, परत यावे, दाराशी उभे राहावे. दोनाला बेल वाजली म्हणून धावलो तर नातू शाळेतून आला होता.

"आजोबा, आजी कुठे आहे?"

"फ्रँकफुर्टला गेली आहे."

"एकटी?"

"हो."

"मग तुम्ही का घाबरला आहात? आजीला सगळी स्टेशने पाठ आहेत." आणि त्याने लगेच म्हणून दाखविले, "होएक्स्ट, नीड, ग्रीसहाइम, हाउप्टबानहोफ, टाउनुसआनलागे, हाउप्टवाखे! मी तिला शिकवले. तिने मला तिची शिकवली. म्हणू? राहुरी, पढेगाव, बेलापूर, चितळी, पुणतांबे, कोपरगाव!"

ही शाळा घरात केव्हा चालत होती, मला पत्ता नव्हता. मी त्या वेळी बहुधा वाचकांसाठी युरोप पाहत होतो.

तीनाला सूनबाईला फोन करावा असे वाटले आणि लाजही वाटली. शेवटी साडेतीनला नातवाचे बोट धरून, म्हणजे त्याने माझे बोट धरून, आम्ही स्टेशनावर जाऊन बाकावर बसलो. गाडी यायची, दारे उघडायची, माणसे उतरायची. त्यांत पातळ नेसलेले कोणी नसायचे. दारे मिटायची. पुढची गाडी पंधरा मिनिटांनी. तिकडे स्टेशनावर तिकीट तपासायला फाटक नाही. गाडीत अवचित तपासनीस येतो आणि तिकीट नसेल तर साठ युरो दंड घेतो. हिच्याजवळ दिवसाचे तिकीट असेल ना? पर्स असेल ना? रस्ता ओलांडताना ही अजून उजवीकडेच आधी पाहते, आणि तिकडे वाहने उजव्या बाजूने जातात, म्हणजे आधी डावीकडे पाहायला हवे. एकेक विचार असा येई आणि गाडी रिकामी जाई.

त्या बाकावर बसून मला काय आठवले ते सांगतो. हंगामात माझी पाळी रात्री बाराला संपायची. पण बॉयलर बिघडला, पॅनमधली साखर धरेना, की दोन वाजायचे, तीन वाजायचे. त्या काळी आमच्याकडे फोन नव्हता. अपघात तर कारखान्यात होतच असत. सायकल दाराशी लावून मी आत यायचो तेव्हा ही चुलीशी बसलेली असे, ताट झाकून. मी म्हणायचो, "अजून जागीच? जेवून घ्यायचे होतेस." एवढे म्हटले की आपण फार विचारी नवरा, असे मला वाटायचे. असे हंगाम पस्तीस झाले. प्रत्येक हंगामाचे दिवस दीडशेच्या वर. हिशेब मला येतो. तो मी त्या बाकावर प्रथम केला. माझे तर अजून दोनच तास झाले होते.

आणि दर उन्हाळ्यात ही विचारायची, "कुठे तरी जाऊ या का?" मी म्हणायचो, "हंगाम संपला की बघू." हंगाम संपे, मग यंत्रांची दुरुस्ती, मुलाची परीक्षा, आईचे आजारपण, भावाचे लग्न. युरोपच्या वारीने ती सारी बाकी एकदम फिटली, अशी माझी कल्पना होती.

पाच वाजून दहा मिनिटांची गाडी आली. तिसऱ्या दारातून ही उतरली. कोटाचा खिसा फुगलेला, हातात कागदाची पिशवी, केसांची एक बट सुटलेली. नातू ओरडत धावला. मी उठलो, पण पाय जागचे हलेनात. रागावायचे ठरविले होते. शब्द काही आले नाहीत.

"तुम्ही जेवला नसाल," हिने पिशवी पुढे केली. त्यात तिकडचा खारा पाव होता, वेढ्यावेढ्यांचा. गार झालेला. "माझ्या पैशांनी घेतला आहे. बाटल्यांच्या."

तिकडे प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. आजी आणि नातू तीन महिने घरातल्या बाटल्या नेऊन टाकीत होते, हे मला ठाऊक होते. त्याचे पैसे कुठे जातात हे विचारायला मला सुचले नव्हते.

"एवढा उशीर?"

"चुकले," ती शांतपणे म्हणाली. "म्हणजे जाताना नाही हो. हाउप्टवाखेला उतरले, त्या जुन्या चौकात गेले, नदीवरच्या लोखंडी पुलावर जाऊन आले. काठाच्या बाकावर बसले पुष्कळ वेळ. कॉफी घेतली, पैसे मोजून दिले, उरलेले मोजून घेतले. येताना उलट्या बाजूच्या गाडीत बसले. गाडीत तिकीट तपासायला आला, त्याला तिकीट दाखविले. तो 'डांके' म्हणाला, मीही म्हणाले. मग एक स्टेशन आले, त्याचे नाव माझ्या पाठातले नव्हते. लेडरम्युझियम की काय. तेव्हा कळले, आपण ओफेनबाखला चाललो. उतरले. एका मुलीला चिठ्ठीवरचे नाव दाखविले. तिने दुसरा फलाट दाखविला. तिथली गाडी रद्द झालेली, म्हणून तासभर थांबले. एवढेच."

"एवढेच!" मी म्हणालो. "आणि हे सगळे कशासाठी?"

नातू पुढे पळत होता. आम्ही हॉर्स चेस्टनटच्या झाडांखालून चाललो होतो. तपकिरी बिया पायांखाली घरंगळत होत्या. हिने एक उचलली, कोटाच्या खिशात टाकली. खिसा अशा बियांनीच फुगला होता.

"परवा तो घराचे बोलला ना," ही म्हणाली, "तेव्हा तुम्हा दोघांच्या मनात एकच होते. तुमच्या मागे ही एकटी कशी राहील. बोलला नाहीत एवढेच. मी पण भांडी घासताना तेच म्हणत होते. मला ठाऊक नव्हते, राहता येईल की नाही. म्हणून म्हटले, पाहून यावे."

मी काही बोललो नाही.

"बेलापुरात पाहता आले नसते. घरातून निघाले की वेशीपर्यंत दहा जण विचारतील, काकू, कुठे निघालात? कोणीतरी बरोबर येईलच. इथे कोणी विचारत नाही. आज नाही पाहिले, तर उद्या विमान."

"मग? काय दिसले?"

"जमते," ती म्हणाली. "ओफेनबाखच्या फलाटावर थोडे रडू आले. मग ते थांबले. जमते."

वाचकहो, पुढचे शंभर पावलांचे अंतर मी कसे चाललो ते मला आठवत नाही. बायकोने आपल्यावाचून जगून पाहावे आणि 'जमते' असे सांगावे, ह्यावर नवऱ्याने आनंद मानावा की दुःख? दोन्ही झाले. पण पोटात महिनोन् महिने बसलेला एक गोळा त्या दिवशी हलला, हेही खरे. तो गोळा कसला होता, हे मी तोपर्यंत स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

रात्री जेवताना हिनेच विषय काढला. पाण्याचा पेला वगैरे काही सरळ केला नाही.

"बेलापूरचे घर विकायचे नाही."

"अगं आई, पण..."

"तू आम्हाला ते गटेचे घर दाखवलेस ना?" महाकवी गटे ह्याचे फ्रँकफुर्टचे घर. आपल्या शाकुंतलावर लुब्ध झालेला हाच तो कवी. २२ मार्च १९४४ रोजी, म्हणजे नेमक्या त्याच्या पुण्यतिथीला, बाँबवर्षावात ते घर पडले. आतले सामान आधीच हलविले होते म्हणून वाचले. लोकांनी ते घर जुन्यासारखे पुन्हा बांधले आणि १९५१ साली उघडले. "पडलेले घर ही माणसे जिना न् जिना मोजून पुन्हा बांधतात. आपले उभे आहे. जिन्याला कठडा बसवू, विहिरीवर जाळी टाकू, वरच्या खोल्या शाळेतल्या मास्तरीणबाईंना भाड्याने देऊ. रात्री हाक मारायला माणूस झाले. आणखी दोघेही थकलो म्हणजे पाहू. पण तेव्हा मला विचारायचे. आधी मला विचारायचे."

चिरंजीव गप्प बसले. मग उठून त्याने आईच्या ताटात भात वाढला. त्याच्या हातून हे पूर्वी कधी झाले नव्हते. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मी बीटच्या साखरेविषयी काही तरी बोलायला लागलो.

रात्री वजन केले. हिची बॅग चोवीस किलो भरली. लोणच्याच्या बरण्या परत नेण्यात अर्थ नव्हता, त्या ठेवल्या. तरी पाचशे ग्रॅम जास्त. मी साखरेची पिशवी काढली आणि सूनबाईच्या डब्यात ओतली. हिने खिशातल्या बिया मूठभर माझ्या हातावर ठेवून विचारले, "ह्या राहू द्यायच्या ना?" राहू दिल्या. कालनिर्णयावर तिने अठ्ठ्याऐंशीवी फुली मारली नाही. म्हणाली, "उद्याची उद्या." ती फुली नातवाने मारली असेल.

घटस्थापनेच्या आत आम्ही बेलापूरला पोचलो. प्रवरेला पाणी होते. रतनगडाकडून येणारी, पुढे नेवाशाला ज्ञानोबांच्या गावावरून गोदावरीला मिळणारी आमची नदी. मेन नदीपुढे लहान दिसेल असे वाटले होते, पण तशी दिसली नाही. कारखान्यांच्या बाजूला बॉयलर पेटविण्याची तयारी चालू होती. ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात हिने मला समोर बसविले. पोस्टाची पुस्तके, बँकेच्या पावत्या, विम्याचे कागद, लॉकरची किल्ली, सारे टेबलावर मांडायला लावले आणि एका वहीत आपल्या अक्षरात उतरून घेतले. पस्तीस वर्षे हे कागद माझ्या कपाटात होते. ते हिला दाखवायचे नाहीत असे मी ठरविले नव्हते, दाखवायचे असेही कधी सुचले नव्हते. शेवटी वही मिटून म्हणाली, "माझे झाले. आता तुमचे."

"माझे काय?"

"उद्या मी आधी गेले तर? तुम्हाला तर मीठ सापडत नाही."

तेव्हापासून माझी शाळा चालू आहे. वरण-भात जमतो. पोळी अजून जर्मनीच्या नकाशासारखी होते. दिवाळी तोंडावर आली म्हणून सध्या फराळाची तालीम आहे. भाजणीचे पीठ सैल झाले तर चकली तेलात विरघळते, एवढे रसायनशास्त्र मी स्वतःच्या चुकीने शिकलो. मिठाची बरणी डावीकडून तिसरी.

परवा ही श्रीरामपूरला बँकेत गेली, एकटी. वेशीपाशी रिक्षाची वाट पाहत असताना तिघांनी विचारलेच, "काकू, एकट्याच? काका कुठे आहेत?"

ही म्हणाली, "काका ना? ते घरी चकल्या तळताहेत."

तेव्हापासून गावात मला जो भेटतो, तो आधी हसतो. हसोत. आलात तर चकल्या खाऊन जा. थोड्या मोडल्या आहेत, पण खुसखुशीत झाल्या आहेत.